कार्डाची वीज आणि शिनोलीचा दिवा

किशोर, वाद अर्धवट टाकून उठून जायची सवय तुझी नव्हती, माझी होती. मी तणतणत जिना उतरायची, आळेफाट्याच्या चौकात उभ्या उभ्या एक चहा घ्यायची आणि परत वर येऊन जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करायची. तोवर तू जागचा हललेला नसायचास. हातात तीच डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, समोर तेच बोर्ड. या वेळी मात्र मी चहा पिऊन वर आले, तर तुझी खुर्ची रिकामी. हे काही बरोबर नाही केलंस. तुझ्या माघारी असं बोलू नये म्हणतात, पण तुझ्याशी गोड बोलायची सवय मला कधी नव्हती, ती आता कुठून आणू?

उठावण्याला, तुझ्या शोकसभेला, सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. शांत होता, कधी कोणाला उलट बोलला नाही. मी बायकांमध्ये मागे बसले होते आणि माझी नुसती चुळबुळ चालली होती. मला उठून सांगायचं होतं की हा माणूस शांत असेल, पण पराकोटीचा हट्टी होता, आणि एका मेमरी कार्डाला वीज कोण देतं एवढ्या एका मुद्द्यावर वर्षभर माझ्याशी भांडत होता. नाही बोलले. काकींनी, तुझ्या आईनं, माझा हात धरून ठेवला होता.

काल मी शिनोलीला जाऊन आले. तिथं जे झालं ते तुला सांगायचंय. पण आधी मला नीट भांडून घेऊ दे, कारण तुझी बाजू सगळ्यांना ठाऊक आहे आणि माझी कोणालाच नाही.

आपण काय करत होतो हे तुझ्या चुलतभावांनासुद्धा धड माहीत नव्हतं. ‘कापडाच्या दुकानाच्या माडीवर किशोरचं काहीतरी कॉम्प्युटरचं चालतं,’ असं एकजण सांगत होता. काहीतरी! गावोगावच्या दूध डेअरीत वजनकाटा आणि फॅट मशीन यांना जोडणारं एक छोटं बोर्ड आपण बनवायचो. सभासदानं किटली ओतली की बोर्ड लिटर नि फॅट वाचायचं, पावती छापायचं आणि नोंद एका नखाएवढ्या कार्डावर लिहून ठेवायचं. बोर्ड तुझं, त्यातला प्रोग्रॅम माझा. पॉलिटेक्निकला होतो तेव्हाही असंच होतं. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत अख्ख्या वर्गात आम्ही चारच मुली, आणि प्रॅक्टिकलला निमगाव सावाच्या शेतकऱ्याच्या पोरीची जोडी आळ्याच्या मारवाड्याच्या पोराशी लागली. तू जोडायचास, मी चालवायची.

आणि तू जोडलेलं आणि मी चालवलेलं यांच्या मधोमध ती फाइल होती. बोर्डाचं वर्णन. प्रोग्रॅमला डोळे नसतात. बोर्डावर काय काय आहे, कुठल्या पायाला काय जोडलंय, हे त्याला लिहून द्यावं लागतं, तसंच कोणाला किती व्होल्टची वीज कुठून मिळते हेही. कार्डासाठी तू वेगळा पुरवठा काढला होतास, सव्वातीन व्होल्टच्या आसपासचा, आणि त्यावर एक बटण. हाताचं नव्हे, प्रोग्रॅमनं दाबायचं. कार्ड अडकलं तर त्याची वीज तोडायची, जरा थांबायचं, परत द्यायची. कार्ड ताजंतवानं. कागदावर फार छान होतं ते. आता सांगायला हरकत नाही.

पण मी ते वर्णन लिहिलं तेव्हा बोर्ड सुरू व्हायचं आणि थोड्या वेळानं कार्डच गायब. सगळं उघडून बसले तेव्हा कळलं की प्रोग्रॅम स्वतःच कार्डाची वीज तोडतोय. सुरू झाल्यावर तो सगळे पुरवठे तपासतो आणि ज्याचा कोणी वापर करत नाही तो बंद करतो. डेअऱ्या दारात उभ्या, तू मांडी घालून शांत. मी त्या वर्णनात दोन शब्द घातले, ‘कायम चालू’. बंद करायचाच नाही हा पुरवठा, विषय संपला. बोर्ड चालू झालं. मी खूष.

तू नाही झालास. तू ती ओळ वाचलीस, चष्मा काढलास आणि म्हणालास, “सुरेखा, हे खोटं आहे.”

“चालतंय ना?”

“चालतंय. पण बोर्डावर बटण आहे आणि तू लिहितेस की ते नाहीच. तू पुरवठा लिहिलास, पण तो घेणाऱ्याचं नावच लिहिलं नाहीस. ह्या पुरवठ्यावर कार्ड जेवतं, असं लिही. मग नाही तो तोडणार.”

आणि मग तू तुझ्या जैन घरचं स्वयंपाकघर काढलंस. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, मग चूल बंद, ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच पेटायची. पण बंद करण्याआधी काकी ओट्यापासून माडीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडून विचारायच्या, “कोणी राहिलंय का?” ज्याचं नाव कोणी घेतलं नाही तो उपाशी. “तुझा प्रोग्रॅम आईसारखाच आहे,” तू म्हणालास. “बिचारा विचारतोय, कोणी राहिलंय का. तू कार्डाचं नाव सांगत नाहीस. वर त्यालाच म्हणतेस, चूल विझवूच नकोस.”

मला ते पटलं होतं. लगेच पटलं होतं. पण तू ज्या तऱ्हेनं चष्मा काढलास ना, त्यानं माझं डोकं फिरलं. शिवाय माझंही एक म्हणणं होतं आणि ते अजून आहे. लिहिता लिहिता मध्येच वीज तोडली तर कार्ड आणखी बिघडतं. थांबायचं किती, तोडायची कधी, हे प्रत्येक कार्डाला वेगळं. ते तपासायला वेळ लागतो आणि तुझ्या घड्याळात वेळ भरपूर असायचा, माझ्या नाही. मी म्हटलं, जमेल तेव्हा बदलू. तू मान हलवलीस. ती मान म्हणजे होकार नव्हे, हे मला कळायला हवं होतं.

मग शिनोलीची तक्रार आली. घोडेगावच्या पुढची ती डेअरी. बाकीच्या डेअऱ्यांत महिन्या-दोन महिन्यांनी एखादं कार्ड अडकायचं, यांचं रोज. सकाळचं दूध घेऊन झालं की नोंदी गायब. माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागली. ज्याच्या म्हशीचं फॅट काल चांगलं लागलं त्याला ते सिद्ध करता येईना. मी म्हणे, तुझा पुरवठा कमी पडतोय. तू म्हणे, तुझं वर्णन खोटं आहे. शेवटी नवरात्रात दोघं तुझ्या मोटारसायकलवर गेलो. नारायणगाव ते मंचर आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, आठवतंय?

डेअरीचे सचिव दादाभाऊ दारातच उभे होते. “या ताई, या शेठ. आमी काय बी केलं न्हाई मशीनला. हात सुदीक लावला न्हाई.”

तू बोर्डाचं झाकण काढलंस आणि खदखदा हसायला लागलास. तुला असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. कार्डाच्या पुरवठ्यावर, बरोबर तू व्होल्ट मोजायला ठेवलेल्या बिंदूवर, दोन वायरी डागलेल्या. त्या भिंतीवरून वर गेलेल्या, आणि वर देवीच्या फोटोभोवती लाल एलईडीची भरगच्च माळ. घट बसले होते. अखंड दिवा हवा होता. तेलाची वात डेअरीतला उंदीर पळवायचा, म्हणून दादाभाऊंनी विजेचा अखंड दिवा शोधला होता.

“लाइट गेली, बॅटरीवर आलं, की मशीनचं समदं एकदा मिचकावतं,” ते मला समजावून सांगायला लागले. “मी एक बारका दिवा घेऊन एकेका ठिकाणी लावून बघितला. ह्या एकाच जागी मिचकावत न्हाई. कवाच बंद व्हत न्हाई. म्हणलं, हीच देवीची जागा.”

तो बिंदू कधीच बंद होत नव्हता, कारण तसं मी लिहिलं होतं. आणि मिचकावत नव्हता, कारण तिथला वीज धरून ठेवणारा कपॅसिटर तू मोठा टाकला होतास. आपण दोघांनी मिळून देवीचा दिवा लावला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. पण एवढी माळ त्यावर लोंबल्यावर कार्डाच्या वाट्याला काय उरणार? लाइट गेली की ते लिहिता लिहिता अडकायचं. ‘कायम चालू’मुळे त्याची वीज तोडून त्याला उठवायची सोय नाही.

मी पक्कड घेतली. तेवढ्यात दादाभाऊंच्या मंडळी, वहिनी, आतून धावत आल्या. “ताई, इझवू नका. पाया पडते. पोरगी दवाखान्यातून वाचून आली तवा बोलले हाय मी. तिचं लगीन होऊन सासरी जाईस्तवर हा दिवा इझू द्यायचा न्हाई.” पोरगी दारात उभी होती, दोन वेण्या घातलेली, सहावी-सातवीतली. मी मनात हिशेब केला, लग्नाला अजून दहा-बारा वर्षं तरी.

मला वाटलं, आता तू सांगशील यांना. खरं काय ते लिहावं म्हणणारा, देवी-घटाशी घरात काही संबंध नसलेला माणूस. तू माळेतले दिवे मोजलेस. मग म्हणालास, “वहिनी, माळ नको. एक दिवा ठेवू. एकाला कार्डाची हरकत नाही.” बाकीचे दिवे तू एकेक करून कापलेस, तो एक न विझवता. आणि बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणालास, “चांगला आहे गं. ह्याच्यावर किडामुंगी जळून मरत नाही.”

परतताना घोडेगावात मी मिसळ खाल्ली. दिवस नुकताच मावळला होता. तू समोर बसलास, पाण्यालाही शिवला नाहीस. मी म्हटलं, अरे, आता तुला कोण बघतंय? तू म्हणालास, “कोणी बघतंय म्हणून नाही पाळत.” मला राग आला, आणि मी आणखी एक पाव मागवला. घरी पोचलास तेव्हा चूल केव्हाच बंद झाली होती. काकी परवा तेच सांगत होत्या. “त्या दिवशी मी विचारलं होतं, कोणी राहिलंय का. पण हा वाटेत आहे हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही, नाहीतर फोन करून म्हटलं असतं, दिवस आहे तोवर खाऊन घे.” त्यांना तेवढं एकच आठवत होतं सारखं, किशोर. एवढ्या वर्षांतला एक उपास.

त्यानंतर आपली खरी अडवणूक सुरू झाली. एकच दिवा ठेवल्यावर शिनोलीचं कार्ड रोज अडकायचं थांबलं, पण मधूनमधून अडकायचंच, कारण बॅटरी जुनी होती. वीज तोडून जोडणं हाच उपाय, आणि ती तोडली की वहिनींचा दिवा विझणार. मी म्हटलं, आधी तू तो दिवा तिथून हलव, ते तुझं काम. मग मी ओळ बदलते. तू म्हणालास, आधी तू ओळ बदल, दिवा काही असो, ओळ खोटीच आहे. आधी वायर. आधी ओळ. चहा घेऊन वर आले की आधी वायर. इस्त्री तापली की आधी ओळ. माझा नवरा एकदा म्हणाला, तुम्ही दोघं लहान पोरं आहात का? मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि मग तुमची संवत्सरी आली. दर वर्षी त्या दिवशी तुझा फोन यायचा. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर, मिच्छामि दुक्कडम्. तू हे गिऱ्हाइकांना म्हणायचास, बँकेतल्या शिपायाला म्हणायचास, मला म्हणायचास, आणि दर वर्षी मला काय उत्तर द्यावं ते कळायचं नाही. आमच्याकडे वर्षातून एकदा सगळ्यांची माफी मागायची रीत नाही. आमच्याकडे भांडतात, मग जेवायला वाढतात. मी काहीतरी थट्टा करून फोन ठेवायची. या वर्षीही तू म्हणालास. आवाज दमलेला होता. मी म्हटलं, “ते राहू दे. ओळ बदलल्यावर बोलू.”

तू हसलास. “बरं,” म्हणालास.

तेच शेवटचं. पंधरा दिवस तू दुकानाच्या माडीवर आला नाहीस, मला वाटलं रुसलास. रुसायचा तुझा स्वभाव नाही हे ठाऊक असूनही मी तेच धरून बसले, आणि मग तुझ्या भावाचा फोन आला.

मला कुठंच बसवत नाही रे. माडीवर जाते, खाली येते. फळीवर तुझी इस्त्री आहे, तिच्या टोकावर तू नेहमीसारखं रेण लावून ठेवलंयस, गंजू नये म्हणून. ज्याला उद्या यायचंय तोच असं करून जातो. मला तुझा इतका राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. मग आठवतं की वर्गात सगळे माझ्या प्रोग्रॅमला नावं ठेवत होते तेव्हा तू एकट्यानं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होतास. माझं काम एवढं मन लावून दुसऱ्या कोणी कधीच वाचलं नाही. खोटं आहे म्हणायलासुद्धा आधी वाचावं लागतं.

परवा दादाभाऊंचा फोन आला. सभासद मीटिंगमध्ये बोलले होते, आता एकदा जरी नोंद गेली तर मशीन उचलून न्या. तू हातानं डाग देऊन उभं केलेलं बोर्ड. ते गोणपाटात गुंडाळून परत येणार, हे मला सहन होईना. घट दोन दिवसांवर. ओळ बदलायची तर दिवा विझणार, आणि वहिनींना तोंड दाखवायची मला सोय नाही. ओळ ठेवायची तर तुझं बोर्ड जाणार. रात्रभर दोन्हींकडून विचार केला. शेवटी तुझी बाजू घेतली. पहिल्यांदाच. ओळ नवी करून घेतली. पुरवठा घेणाऱ्याच्या जागी कार्डाचं नाव लिहिलं, ‘कायम चालू’ खोडलं, तोडल्यावर किती थांबायचं ते माडीवर तपासून घातलं. आणि वहिनींच्या पाया पडायची तयारी ठेवून काल एसटीनं गेले.

डेअरीत दूध यायला अवकाश होता. मी आधी तोंडानंच सुरुवात केली. म्हटलं, दादाभाऊ, वहिनी, माझा नाइलाज आहे, हा दिवा आता मधूनमधून विझेल.

दादाभाऊ मध्येच म्हणाले, “का वं? शेठ येऊन करून गेले की. तुमाला न्हाई सांगितलं?”

“कधी आले होते?”

“त्यांचा तो माफी मागायचा सण आसतो ना, त्यो झाला, त्याच्या दुसऱ्याच दिशी. एसटीनं आले व्हते. लई दमल्यावानी दिसत व्हते. च्या घ्या म्हणलं, तर म्हणले, आधी काम.”

मी झाकण काढलं. दिव्याची वायर आता थेट बॅटरीवरून येत होती. बारा व्होल्टला तो जळू नये म्हणून मध्ये रेझिस्टन्स लावलेला, त्याच्यावर काळी नळी चढवलेली. डाग तुझेच, गोल आणि चकचकीत. आणि कार्डाच्या पुरवठ्यावर, जिथं जुनी वायर होती, तिथं साफ केलेली मोकळी जागा.

“इझला न्हाई हां, ताई,” वहिनी म्हणाल्या. “मी डोळ्यात तेल घालून बसले व्हते. शेठनी आधी नवी वायर जोडली, मंग जुनी तोडली. बॅटरी बदलायची तवाबी तसंच करायचं, ह्यास्नी शिकवून गेले. आन म्हणले, सुरेखाताई येतील. त्यांना सांगा, आता बिनधास्त बंद करा म्हणावं.”

इतकं सोपं होतं. आधी नवी, मग जुनी. वर्षभर आपण दोघं वर माडीवर आधी तू, आधी तू करत बसलो, आणि तू दमलेला असताना दोन एसट्या बदलून एकटा इथं आलास. मला फोन करायला काय झालं होतं? मी आले असते. भांडत आले असते, पण आले असते. मी तिथंच स्टुलावर बसून रडले, वहिनींनी पाणी आणून दिलं, आणि दादाभाऊ उगाचच वजनकाटा पुसत राहिले.

मग मी ओळ घातली. बोर्ड सुरू केलं आणि मुद्दाम कार्डाची वीज तोडून बघितली. कार्डाजवळचा हिरवा ठिपका गेला. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघायच्या आधी वर बघितलं. देवीच्या पायाशी लाल दिवा जसाच्या तसा. जरा वेळानं हिरवा ठिपका आपणहून परत आला.

संध्याकाळच्या दुधाला लाइट गेलीच. बॅटरीवर घेणारा रिले टक्‌ करून वाजला, कार्ड अडकलं, बोर्डानं त्याची वीज काढली, थांबलं, परत दिली आणि राहिलेली नोंद लिहून टाकली. रांगेतल्या माणसाला पावती जरा उशिरा मिळाली एवढंच, तो पावती खिशात घालून गेलासुद्धा. काय झालं ते तिथं मला एकटीला कळलं. मी सवयीनं मागे वळले, तू चष्मा काढून काय म्हणतोस ते बघायला.

दिवस मावळला होता. दादाभाऊ दारात उभे राहून, बंद करायच्या आधी, रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोज ओरडतात तसे ओरडले, “दूध घालायचं कुणी ऱ्हायलंय का?”

कोणी राहिलं नव्हतं. त्यांनी दार ओढून घेतलं.

मिच्छामि दुक्कडम्, किशोर. ओळ बदलली आहे. आता बोल.